सांडपाण्याचें अंदाजपत्रक

आज सकाळीं आपण ज्या पाण्यानें स्नान केलें, तें पाणी आतां कोठें असेल? प्रश्न थोडा विचित्र वाटेल. नळाला पाणी केव्हां येणार, ह्याची चौकशी आपल्या शहरांत घरोघर रोज होते. दोन शेजारणी भेटल्या कीं पहिला विषय तोच निघतो. पण मोरीच्या जाळींतून खालीं गेलेल्या पाण्याची चौकशी करणारा मनुष्य मला अद्याप भेटावयाचा आहे. तें दिसेनासें झालें म्हणजे संपलें, अशी आपली समजूत. तें संपत नाहीं. आणि छत्रपति संभाजीनगरच्या बाबतींत तर तें कोठें जातें हें कळल्यावर हातांतला पेला क्षणभर खालीं ठेवावा असें वाटल्यावांचून राहणार नाहीं.

आपल्या शहराला पाणी मिळतें तें पैठणच्या नाथसागरांतून. १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्तें जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी ह्यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. धरण पूर्ण भरलें असतां पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारें ४६४ मीटर असते, आणि आपलें शहर तिच्याहून शंभर मीटरांच्या आसपास उंचावर वसलेलें आहे. म्हणून तें पाणी चाळीस-पन्नास किलोमीटर अंतरावरून पंपांनीं वर चढवावें लागतें. उलट, वापरून झालेलें पाणी आपोआप उताराला लागतें. जटवाडा आणि हर्सूल ह्यांच्याकडील डोंगरांतून येणारी खाम नदी शहराच्या पश्चिम अंगानें बेगमपुरा, मकाई दरवाजा, पाणचक्की, बारापुल्ला, छावणी असा प्रवास करीत वाळूजच्या बाजूनें गोदावरीकडे जाते. आणि ती गोदावरीला मिळते तेथें नाथसागराचा फुगवटा पसरलेला असतो. पाणी वर चढवावयास वीज लागते, खालीं यावयास कांहींच लागत नाहीं. ज्या हौदांतून आपण पितों त्याच हौदाकडे आपली मोरीहि वाहते. मध्यें कांहीं किलोमीटरांचें अंतर आहे, एवढाच काय तो दिलासा.

तेव्हां हें मैलपाणी नदींत जाण्यापूर्वीं शुद्ध करणें ही आपल्याकडे शोभेची गोष्ट नसून पिण्याच्या पाण्याचाच तो दुसरा अर्धा भाग आहे. अशी व्यवस्था एखादें गांव कशी आंखतें, तिला पैसा कोठून येतो, आणि एवढा पैसा ओतूनहि नदीला वास कां येतो, हें आज थोडें उलगडून पाहावयाचें आहे.

पाणी आणण्याच्या कलेंत हें शहर कधींच मागें नव्हतें. १६१० च्या सुमारास मलिक अंबरानें खडकी येथें राजधानी वसविली आणि डोंगराच्या पोटांतील झऱ्यांचें पाणी जमिनीखालच्या नहरींतून गांवांत खेळविलें. पुढें पाणचक्कीची नहर झाली. तिच्यांतील पाण्याच्या जोरावर जातें फिरत असे. वाटेंत पाण्याचा दाब सांभाळण्याकरितां उभारलेले चुनेगच्ची खांब अजूनहि कोठें कोठें दिसतात. परंतु ह्या कुशल कारागिरांना परत जाणाऱ्या पाण्याची चिंता करण्याचें कारण पडलें नाहीं. माणसें थोडीं, पाण्याचा खर्च बेताचा, शौचकूप कोरडे. मोरीचें पाणी परसांतल्या केळींना पुरत नसे. १९७१ च्या शिरगणतींत शहराची वस्ती अवघी दीड लाख होती. १९८२ च्या डिसेंबरांत येथें महानगरपालिका आली. १९९१ सालीं वस्ती पावणेसहा लाखांच्या घरांत गेली, आणि २०११ सालीं ती पावणेबारा लाखांवर पोहोंचली. चाळीस वर्षांत जवळजवळ आठपट! कारखाने आले, वसाहती वाढल्या, प्रत्येक घरांत पाण्याचा शौचकूप आला. नळ हा घरांत येतांना एक अदृश्य पाहुणा बरोबर घेऊन येतो: जेवढें पाणी आंत येतें त्यापैकीं ऐंशी टक्के तासाभरांत मलीन होऊन बाहेर पडावयास पाहतें. नळाचें स्वागत सर्वांनीं केलें, त्या पाहुण्याची सोय फार उशिरां झाली. तोंवर नाले होतेच.

ह्या उशिराची किंमत केवळ नदीनें दिली असें नाहीं. नोव्हेंबर २०१७ मध्यें छावणी भागांत गॅस्ट्रोची साथ उसळली; हजारों माणसें आजारी पडलीं, आणि दूषित पाणी हें तिचें कारण ठरलें. असें कां होतें, तें समजून घेण्यासारखें आहे. नळाची नळी आणि मैल्याची नळी एकाच अरुंद गल्लींत शेजारीं शेजारीं पुरलेल्या असतात. नळींत पाणी जोरानें वाहत असतें तोंवर भय नसतें. भेग असली तरी पाणी आंतून बाहेर जातें. पण पाणीपुरवठा बंद झाला कीं नळी रिकामी होते, तिच्यांत पोकळी उत्पन्न होते, आणि त्याच भेगेंतून भोंवतालची घाण ती आंत ओढून घेते. ज्या शहरांत नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनीं पाणी येत आलें, तेथें हा धोका किती मोठा, हें निराळें सांगावयास नको. पहिल्या दहा मिनिटांचें पाणी सोडून देण्याची आपल्या गृहिणींची रीत आहे, तिच्या मुळाशीं हेंच शहाणपण आहे.

आतां मैलपाणी म्हणजे काय, तें पाहूं. हजार भागांत नऊशें नव्व्याण्णव भाग तें साधें पाणीच असतें. सगळा उपद्रव त्या उरलेल्या एका भागाचा. त्यांत मैला, अन्नाचे कण, साबण, तेल असे सेंद्रिय पदार्थ असतात, आणि ते पाण्यांतल्या सूक्ष्म जंतूंचें अन्न होय. जंतु हें अन्न खातांना प्राणवायु वापरतात. आपल्या हवामानांत स्वच्छ नदीच्या एका लिटर पाण्यांत सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळलेला असतो. आणि एक लिटर मैलपाणी पचविण्यास जंतूंना दोन-अडीचशें मिलिग्रॅम प्राणवायु लागतो. म्हणजे एक लिटर मैलपाणी तीसएक लिटर निर्मळ पाण्याचा श्वास हिरावून घेतें. नदी मोठी असेल, पाणी वाहतें असेल, तर ती हा घाव सोसते, पुन्हां हवेंतून प्राणवायु घेते आणि दहा-वीस मैलांनीं सावरते. खाम ही पावसाळ्यानंतर आटणारी नदी. तिच्या पात्रांत उन्हाळ्यांत जें दिसतें तें बहुतांशीं शहरानें दिलेलेंच पाणी. तेथें सावरणार कोण? प्राणवायु संपला म्हणजे दुसऱ्या जातीचे जंतु पुढें सरसावतात, आणि सडक्या अंड्यासारखा जो वास पुलावरून जातांना आपल्याला नाकाला रुमाल लावावयास लावतो, तो त्यांच्या कारभाराचा.

शुद्धीकरणकेंद्र करतें तें एवढेंच: जी भूक जंतु नदींत भागविणार, ती टाकींत भागवावयाची. प्रथम गजांच्या जाळ्यांनीं चिंध्या, प्लास्टिक, काटक्या अडवितात; मग पाण्याचा वेग कमी करून वाळूरेती खालीं बसूं देतात. नंतर तें पाणी मोठ्या टाक्यांत घेऊन तळाशीं बसविलेल्या नळ्यांतून त्यांत हवा सोडतात. हवा मिळतांच जंतु झपाट्यानें वाढतात, घाण खातात, आणि त्यांचे मातकट पुंजके बनतात. हवा बंद केली कीं हे पुंजके तळाशीं बसतात आणि वरचें निवळ पाणी काढून घेतां येतें. ह्यांतली खरी युक्ति पुढें आहे. तळाशीं बसलेला तो गाळ सगळा टाकून देत नाहींत. त्यांतला बराचसा भाग पुढल्या पाण्यांत मिसळतात. काल रात्रींच्या दह्यांतला चमचाभर आज दुधाला लावावा, तसेंच हें विरजण! ताज्या मैल्यापेक्षां हे उपाशी, सरावलेले जंतु कितीतरी जलद काम करतात. १९१४ सालीं इंग्लंडांत मँचेस्टर येथें आर्डर्न आणि लॉकेट ह्या दोघांनीं ही पद्धति प्रथम मांडली. त्यांना मार्गदर्शन करणारे गिल्बर्ट फौलर हे पुढें दोनच वर्षांनीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत प्राध्यापक म्हणून आले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाहीं. तसेंच मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठालयांत १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकींतला वायु जमवून त्यावर दिवे लावण्याचा प्रयोग झाला होता. मैला म्हणजे निव्वळ ब्याद, हा समज त्या काळींहि सर्वांचा नव्हता. असो.

कांचनवाडीच्या आपल्या केंद्रांत हें काम एकाच टाकींत पाळीपाळीनें चालतें: टाकी भरावयाची, हवा द्यावयाची, निवळूं द्यावयाचें आणि वरचें पाणी काढावयाचें, शेजारच्या टाकींत तेंच काम थोड्या अंतरानें. बाहेर पडणाऱ्या पाण्याची प्राणवायूची भूक लिटरला तीस मिलिग्रॅमपर्यंत उतरली म्हणजे पुरे, असें पूर्वींचें माप होतें. २०१९ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें तें दहापर्यंत खालीं आणण्याचा आदेश दिला. अडीचशेंवरून तिसावर येणें सोपें, तिसावरून दहावर येणें खर्चाचें. दूध आटवितांना शेवटच्या पावशेरालाच जळण अधिक लागतें, तसाच हा प्रकार.

समजा, पैठणएवढ्या गांवाच्या नगरपालिकेनें ही व्यवस्था करावयाची ठरविली. २०११ च्या शिरगणतींत पैठणची वस्ती ४१ हजारांच्या वर होती. नळ्या जमिनींत एकदां पुरल्या म्हणजे तीस वर्षें तरी पुन्हां उकरतां येत नाहींत, म्हणून हिशेब तीस वर्षांनंतरच्या वस्तीचा करावयाचा. ती आपण सत्तर हजार धरूं. माणशीं रोज १३५ लिटर पाणी द्यावें असें सरकारी मानक आहे. त्याचे ऐंशी टक्के म्हणजे १०८ लिटर. गुणाकार केला कीं दिवसाला सुमारें साडेसात दशलक्ष लिटर मैलपाणी होतें. पण एवढ्यानें हिशेब पुरा होत नाहीं. नाथषष्ठीला लक्षावधि वारकरी गोदेच्या कांठीं उतरतात. त्या आठवड्यांत साडेसाताचे किती होतील? वर्षाच्या एका यात्रेसाठीं एवढी मोठी टाकी बांधून बाकीचे अकरा महिने ती अर्धी रिकामी ठेवावी, कीं यात्रेपुरती निराळी, तात्पुरती सोय करावी? टाकी रिकामी राहिली तर जंतूंना अन्न नाहीं आणि कामगारांच्या पगाराला काट नाहीं. हा प्रश्न पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, तुळजापूर अशा प्रत्येक क्षेत्राच्या नगरपालिकेपुढें येतो, आणि परदेशी पुस्तकांत त्याचें तयार उत्तर मिळत नाहीं.

मग जागेचा प्रश्न. मैलपाणी शक्यतों आपल्या वजनानें वाहावें, पंप लागूं नये, म्हणून केंद्र गांवाच्या सर्वांत सखल भागीं असावें लागतें. आणि सखल भाग म्हणजे नदीकांठ, जेथें पुराचें भय. नळीला उतार असा द्यावा लागतो कीं आंतलें पाणी सेकंदाला निदान साठ सेंटिमीटर तरी धांवेल. त्याहून सावकाश वाहिलें तर गाळ नळींतच बसतो. शिवाय शुद्धीकरणाच्या टाक्यांपेक्षां घरोघरचा मैला तेथवर नेणाऱ्या नळ्यांनाच खर्च अधिक पडतो, हें लोकांच्या ध्यानांत येत नाहीं. टाकीची कोनशिला बसवितां येते, फीत कापतां येते. रस्त्याखालच्या नळीचा उद्घाटनसमारंभ मीं तरी अद्याप पाहिलेला नाहीं. रस्ता उकरल्याबद्दल शिव्या मात्र तिच्याच वांट्याला येतात.

आपल्या शहराची जमीन एका उताराची नाहीं. पश्चिमेचें पाणी खामकडे जातें, पूर्वेचें चिकलठाण्याजवळून वाहणाऱ्या सुखना नदीकडे. म्हणून येथें एका केंद्रानें भागण्यासारखें नव्हतें. भूमिगत गटार योजनेंत कांचनवाडी येथें दिवसाला १६१ दशलक्ष लिटर क्षमतेचें मोठें केंद्र, सुखनेच्या बाजूस झाल्टा येथें ३५ दशलक्ष लिटरांचें, आणि पडेगांवला १० दशलक्ष लिटरांचें, अशी मांडणी झाली. ही योजना ३६५ कोटि रुपयांची योजना म्हणूनच लोकांच्या तोंडीं आहे.

ते ३६५ कोटि आले कोठून? २००५ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें शहरांच्या सुधारणेसाठीं दोन खाती उघडलीं. एक निवडक ६३ शहरांचें, दुसरें बाकीच्या सर्व लहानमध्यम शहरांचें. मराठवाड्यांतून पहिल्या यादींत नांदेड गेलें, कारण २००८ सालीं तेथें गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा व्हावयाचा होता; त्याहून मोठें असलेलें औरंगाबाद, जें २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर झालें, तें दुसऱ्या यादींत राहिलें. ह्या दुसऱ्या योजनेचा नियम असा कीं शंभरांतले ऐंशी रुपये केंद्राचे, दहा राज्याचे, आणि दहा त्या गांवानें स्वतः उभे करावयाचे. ३६५ कोटींवर हें प्रमाण लावलें तर केंद्राचे २९२ कोटि आणि शहराचे साडेछत्तीस कोटि होतात. ऐकावयास हें फार सोपें. ऐंशी-नव्वद टक्के दुसऱ्याचे! परंतु अनुदान एकरकमी मिळत नाहीं. तें हप्त्यांनीं, आधींच्या हप्त्याचा हिशेब दिल्यावर येतें. काम रेंगाळलें कीं लोखंड-सिमेंटाचे भाव वाढतात, आणि ही वाढ केंद्र सरकार सोसत नाहीं. ती स्थानिक करदात्याच्या माथीं येते. लग्नांत मुलीच्या मामानें दागिन्यांचा खर्च उचलला तरी मांडव, जेवणावळ आणि ऐनवेळची धांवपळ ही यजमानाच्याच गळ्यांत असते, त्यांतलाच हा प्रकार.

लहान गांवांनाहि दार बंद नाहीं. २०२१ सालीं सुरू झालेल्या स्वच्छ भारत योजनेच्या दुसऱ्या टप्प्यांत एक लाखाहून कमी वस्तीच्या गांवांना सांडपाण्याच्या कामासाठीं निम्मा वांटा केंद्रानें द्यावा अशी तरतूद झाली, आणि पंधराव्या वित्त आयोगानेंहि नगरपालिकांच्या अनुदानांतला कांहीं हिस्सा स्वच्छतेसाठींच राखून ठेवला. केंद्र बांधण्यास पैसा मिळतो, असें आतां म्हणावयास हरकत नाहीं. तें चालविण्यास मिळत नाहीं, खरी अडचण ती आहे. हवेचे पंखे अहोरात्र फिरावे लागतात. वीज फार वेळ गेली तर जंतु गुदमरतात, आणि विरजण पुन्हां लागावयास कित्येक दिवस जातात. गाळ उपसावा लागतो, वाळवावा लागतो, कोठें तरी न्यावा लागतो. प्रयोगशाळेंत रोज पाणी तपासणारा जाणता मनुष्य लागतो. ह्यासाठीं अनुदान नाहीं. ह्यासाठीं घरपट्टीच्या बिलांत मलप्रवाहाचा म्हणून एक लहानसा रकाना असतो. तो रकाना आपण कधीं वाचला आहे काय? मीं स्वतः तो पहिल्यानें वाचला तो ह्या भाषणाची तयारी करतांना, हें कबूल केलें पाहिजे.

देशाचा आंकडा ह्या दृष्टीनें बोलका आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या पाहणीप्रमाणें देशांतल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलपाणी निर्माण होत होतें. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरांची, आणि प्रत्यक्षांत शुद्ध होत होतें तें २०,२३५ दशलक्ष लिटर. म्हणजे बांधलेल्या क्षमतेपैकीं एक-तृतीयांशाहून अधिक रिकामी! भूक आहे, ताट आहे, पण अन्न ताटापर्यंत पोहोंचत नाहीं. कारण साधें आहे. मोठी नळी रस्त्यांतून गेली तरी घराची जोडणी तिला झालेली नसते. जुनी मोरी मागल्या नाल्यांतच मोकळी होत असते. जोडणीचा खर्च घरमालकाचा, आणि त्या खर्चानें त्याच्या घरांत कांहींच बदल दिसत नाहीं. बदल दिसतो तो नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या परक्या माणसाच्या घरीं. अशा कामाला आपण होऊन पुढें येणारे लोक थोडेच. २०२१ च्या सुमारास महानगरपालिका, छावणी परिषद आणि नागरिक ह्यांनीं मिळून खामचें पात्र साफ करण्याचें काम हातीं घेतलें, कांठ बांधले, झाडें लावलीं. पाहणाऱ्याला आनंद व्हावा असें तें काम आहे. तरी त्यांतलें सर्वांत महत्त्वाचें काम कांठावरील बागेचें नसून, नदींत उघडें पडणारें एकेक नाल्याचें तोंड शोधून तें नळीकडे वळविण्याचें होय.

पैसा नाहीं ही सबब न्यायालयानें पुष्कळ पूर्वींच निकालांत काढली आहे. २२ फेब्रुवारी २०१७ रोजीं पर्यावरण सुरक्षा समितीच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें नगरपालिकांना तीन वर्षांत शुद्धीकरणकेंद्रें उभारण्यास सांगितलें. पैसा कमी पडला तर वापरणाऱ्यांवर आकार बसवावा, आणि तसे नियम ठरले नाहींत तर भार राज्य सरकारनें उचलावा, असाहि निर्णय दिला. पुढें सप्टेंबर २०२२ मध्यें हरित न्यायाधिकरणानें महाराष्ट्र राज्यावर कचरा आणि सांडपाणी ह्यांच्या हेळसांडीबद्दल सुमारें १२,००० कोटि रुपयांची भरपाई ठरविली. त्यांतला बहुतेक भाग मैलपाण्याचा होता, आणि तो मोजतांना दर दशलक्ष लिटर तुटीला २ कोटि रुपये असा दर धरला होता. ह्या दरानें मघांच्या आपल्या सत्तर हजार वस्तीच्या गांवाला केंद्र न बांधण्याची किंमत पंधरा कोटि पडते.

वापरणाऱ्यांवर आकार म्हटलें कीं आपल्या कपाळाला आठ्या पडतात. मला वाटतें, त्या आठ्या सर्वस्वीं अयोग्य नाहींत. जुन्या शहरांतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला आणि बगिचा-मोटारी धुणाऱ्या बंगल्याला सारखाच आकार लावणें हा न्याय नव्हे. पाणी मोजून द्यावें आणि मैलपाण्याचा आकार त्याच मापाला जोडावा, हें अधिक रास्त. दुसरा मार्ग नागपूरनें दाखविला आहे. २००८ सालीं नागपूर महानगरपालिकेनें महानिर्मितीशीं करार केला, आणि आतां भांडेवाडीचें शुद्ध केलेलें १३० दशलक्ष लिटर पाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला जातें. महापालिकेला त्याचे पैसे मिळतात, आणि तितकेंच धरणाचें गोडें पाणी माणसांसाठीं मोकळें राहतें. आपल्याकडे वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा ह्या औद्योगिक वसाहती हांकेच्या अंतरावर आहेत. त्यांच्या बाष्पकांना आणि बागांना नाथसागराचेंच पाणी कशाला हवें? शहराभोंवतालचे शेतकरी तर नाल्याला पंप लावून हेंच पाणी भाजीपाल्याला घालीत आले आहेत. फरक इतकाच कीं तें कच्चें असतें, आणि तीच कोथिंबीर आपण मंडईंतून घरीं आणतों.

घरांतल्या माणसांना करण्यासारखें थोडें आहे, पण आहे. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याची पन्हळ मैल्याच्या नळीला जोडूं नये. एका सरीनें केंद्राचें विरजण वाहून जातें. तळणीचें तेल मोरींत ओतूं नये. तें नळींत गोठून दगडासारखें होतें. चिंध्या, कापसाच्या घड्या, प्लास्टिकच्या पिशव्या शौचकूपांत टाकूं नयेत. हें मी स्वच्छतेखातर सांगत नाहीं. ही नळी तुंबली म्हणजे ती मोकळी करावयास एक जिवंत माणूस बोलावला जातो. खालीं सांचलेला वायु दोन श्वासांत त्याला बेशुद्ध करूं शकतो. कोणासहि अशा रीतीनें खालीं उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. तरी वर्तमानपत्रांतल्या त्या लहान बातम्या थांबलेल्या नाहींत. त्याच्या कुटुंबाच्या दृष्टीनें आपल्या मोरींत पडलेली चिंधी किती महाग पडते, ह्याचा हिशेब कोणत्याच अंदाजपत्रकांत येत नाहीं.

शेवटीं एक आंकडेमोड सांगतों आणि थांबतों. शहरासाठीं अडीच मीटर व्यासाच्या नव्या जलवाहिनीची जी योजना २०२० सालीं १,६८० कोटि रुपयांची म्हणून सुरू झाली, आणि पुढें २,७४० कोटींवर गेली, तिच्या जलशुद्धीकरणकेंद्राची क्षमता दिवसाला ३९२ दशलक्ष लिटर ठरविली आहे. त्याचे ऐंशी टक्के म्हणजे सुमारें ३१३. कांचनवाडी, झाल्टा आणि पडेगांव ह्या तिघांची बेरीज २०६ होते. राहिले १०७. वाटेंतली गळती वजा घातली, कारखान्यांचा भाग सोडला, तरी हा फरक लहान नव्हे. आणि २०१५-१६ च्या सुमारास शहरांत सामील झालेल्या सातारा-देवळाईसारख्या भागांत तर मैल्याची नळी नळाच्या मागोमाग जावयाची आहे. ज्यांना महानगरपालिकेचें पुढलें अंदाजपत्रक पाहावयास मिळेल त्यांनीं पाणीपुरवठ्याचें पान वाचून झाल्यावर मलनिस्सारणाचें पान उघडावें, आणि त्या १०७ दशलक्ष लिटरांसाठीं कोणती रक्कम कोणत्या रकान्यांत धरली आहे, तें आपल्या नगरसेवकांना विचारावें.